तवक्कुल आणि परतीचे तिकीट

जुन्या काळी हजला निघणारा माणूस घर सोडण्यापूर्वी तीन कामे उरकीत असे. लोकांची देणी फेडायची, मागे राहणाऱ्या बायकामुलांच्या पोटापाण्याची तजवीज करायची आणि दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करना' म्हणत सर्वांची क्षमा मागायची. सामानात बहुधा कफनही असे. तुमसरसारख्या गावाहून निघणाऱ्याला आधी देव्हाडीचे तुमसर रोड स्टेशन गाठावे लागे. तेथून रेल्वेने नागपूर, मग मुंबई आणि मुंबईहून जेद्दापर्यंत सुमारे २३०० सागरी मैलांचा समुद्र. वैनगंगेच्या पुराहून मोठे पाणी ज्याने कधी पाहिले नाही, असा धानाच्या मुलखातला माणूस अल्लाहचे नाव घेऊन त्या समुद्रात पाऊल टाकीत असे.

यालाच आपण तवक्कुल म्हणतो. तवक्कुल म्हणजे अल्लाहवर पूर्ण भरवसा. पण वापरून वापरून हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. 'अल्लाह मालिक है' म्हणायचे आणि हातावर हात ठेवून बसायचे, एवढाच त्याचा अर्थ उरला की काय, अशी शंका येते. तवक्कुलचा खरा अर्थ काय, हे मुंबई बंदरातून झालेल्या हजयात्रेच्या इतिहासाने फार चांगले शिकवले आहे.

मुळात धर्माची शिकवण याबाबत अगदी स्पष्ट आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. त्या काळी यमनचे काही लोक शिदोरी न घेताच हजला येत. आम्ही अल्लाहच्या भरवशावर निघालो आहोत, असे म्हणत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यावर प्रवासात शिदोरी सोबत घेण्याचा आदेश पवित्र कुरआनात आला. हजही प्रत्येकावर फर्ज नाही. ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच ते फर्ज आहे.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातील वाहतूक वाढली. १८७७ मध्ये मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' स्थापन झाली. तीच पुढे 'मुगल लाईन' म्हणून घराघरांत ठाऊक झाली. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६४ मध्ये मुंबईहूनच हजला गेल्या होत्या. पण त्यांच्यासोबत लवाजमा होता, खजिना होता. आगबोटीमुळे आता गरीब माणूसही निघू लागला. आयुष्यभर पै-पै जोडायची, जाण्याचे भाडे भरायचे आणि परतीचे अल्लाह पाहील म्हणायचे, असे अनेकांचे झाले. परिणामी जेद्दाच्या किनाऱ्यावर पैसे संपलेले, भुकेले, आजारी हिंदी यात्रेकरू दरवर्षी अडकून पडू लागले.

धार्मिक बाबतीत हात घालायला नको म्हणून इंग्रज सरकार अनेक वर्षे कचरत राहिले. परतीच्या तिकिटाची सक्ती म्हणजे गरिबाच्या फर्जात आडकाठी, असेही म्हणता येत होते. अखेर १९२५ मध्ये जहाज वाहतुकीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. निघतानाच परतीचे तिकीट घ्यावे किंवा तेवढी रक्कम ठेव म्हणून भरावी, असा नियम आला. १९३२ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांसाठी हज समित्या नेमल्या गेल्या. विचार केला तर परतीचे तिकीट म्हणजे उंटाची दोरीच होती. त्याने कोणाचा ईमान कमी झाला नाही. उलट परक्या मुलखात हात पसरण्याची पाळी टळली.

याच काळातली दुसरी घटना मुंबईची नाही, पण प्रत्येक हाजीशी तिचे नाते आहे. १८८० च्या जुलैमध्ये सिंगापूर आणि पेनांगहून 'जेद्दा' नावाची आगबोट निघाली. तिच्यावर सुमारे साडेनऊशे यात्रेकरू होते. ऑगस्टमध्ये वादळी समुद्रात बोटीत पाणी शिरले. यात्रेकरूही पाणी उपसू लागले. पण कप्तान आणि बहुतेक गोरे अधिकारी त्यांना तसेच टाकून छोट्या नावेतून निसटले. दुसऱ्या जहाजाने त्यांना एडनला पोहोचवले. तेथे त्यांनी आपली बोट उतारूंसह बुडाल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी 'अँटेनॉर' नावाच्या जहाजाने 'जेद्दा' ओढत एडन बंदरात आणली! उतारू जिवंत होते. चौकशीत कप्तानाचा परवाना अवघ्या तीन वर्षांसाठी स्थगित झाला. पुढे जोसेफ कॉनरॅडने 'लॉर्ड जिम' या १९०० मधील कादंबरीत याच घटनेचा आधार घेतला. त्या यात्रेकरूंचे वाचणे अल्लाहची मर्जी होती, असे आपण जरूर म्हणू. पण त्यांना टाकून जाणे ही मात्र माणसांची बेइमानी होती. तिला तकदीर म्हणून माफ करणे हा तवक्कुल नव्हे.

निघणे जसे भरवशाचे असते, तसे कधी थांबणेही भरवशाचेच असते. मुंबईत प्लेगची साथ असताना १८९७ मध्ये हिंदुस्थानातून हजला जाण्यावर बंदी आली. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्येही भारतातून कोणाला हजला जाता आले नाही. नियत केलेल्यांची मने किती हळहळली असतील! पण ह. उमर (रजि.) सीरियाच्या वाटेवर असताना पुढे प्लेग असल्याचे कळताच माघारी फिरले होते. अल्लाहच्या निर्णयापासून पळता का, असे विचारल्यावर आपण त्याच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे त्यांनी उत्तर दिले.

१९९५ नंतर भारतातून समुद्रमार्गे हजयात्रा बंद झाली. बारा-पंधरा दिवसांचा जलप्रवास आता काही तासांच्या विमानप्रवासावर आला. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करून बोटीची वाट पाहणाऱ्यांच्या आठवणीही विरळ होत चालल्या आहेत. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना मेहरमशिवाय, चौघींच्या गटाने भारतातून हजला जाता येऊ लागले. पहिल्याच वर्षी हजाराहून अधिक स्त्रिया अशा गेल्या. काहींच्या भुवया उंचावल्या. त्यांनी सफा-मरवाची आठवण ठेवावी.

हजमध्ये पुरुष असो वा स्त्री, बादशहा असो वा फकीर, सर्वजण एका स्त्रीच्या पावलांवर पाऊल टाकून चालतात. निर्जन वाळवंटात तान्ह्या बाळासह एकट्या राहिलेल्या बीबी हाजरांचा अल्लाहवर पूर्ण विश्वास होता. तरीही त्या बसून राहिल्या नाहीत. दोन टेकड्यांच्या मध्ये सात वेळा धावल्या. जमजम त्या धावल्या तेथे नव्हे, बाळाच्या पायाशी उमटला. देणारा अल्लाहच होता. पण धावणे हाजरांचे होते. म्हणूनच ते धावणे इबादत ठरले.

आमच्या गावांतून आज दहावीनंतर मुलींची शाळा सुटते, तेव्हा 'नसीब में होगा तो पढ़ेगी' हे वाक्य सर्रास ऐकू येते. मुलगा हुशार असला तरी नागपूरच्या वसतिगृहाचा अर्ज भरला जात नाही आणि शिष्यवृत्तीची मुदत टळून जाते. मग सगळे खापर नशिबावर फुटते. अल्लाहने आपल्या लेकरांसाठी काय योजले आहे ते आपल्याला कळत नाही, हे खरे. पण ते कळत नाही म्हणूनच अर्ज भरायचा असतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी शिदोरी बांधली, देणी फेडली, परतीचे तिकीट काढले आणि मग अनोळखी समुद्रावर पाऊल ठेवले. त्यांच्या तवक्कुलचे वारस म्हणवून घ्यायचे असेल, तर आपल्यालाही आधी उंट बांधावा लागेल आणि मग घराबाहेर निघावे लागेल.