माणशी एक डॉलर

परप्रांतात मंडळ चालवावयाचे म्हणजे वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडणे आलेच. त्या पायपिटीत आम्हांस कॅनडातील टेरी फॉक्सचे स्मरण होते.

१९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. इस्पितळातील लहानग्या रुग्णांच्या यातना त्याच्या मनातून जाईनात. कर्करोग-संशोधनासाठी निधी जमवावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो सेंट जॉन्सहून कृत्रिम पायाने देश ओलांडावयास निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर धावे. आरंभी फारसे कोणी विचारीना. पण सुमारे दहा हजार वस्तीच्या पोर्ट ओ बास्क गावाने दहा हजारांहून अधिक डॉलर त्याच्या हाती ठेवले. पुढे प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा, हेच त्याचे मागणे झाले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर तुडविल्यावर रोग फुप्फुसांत पसरला आणि १ सप्टेंबरला थंडर बेजवळ त्यास थांबावे लागले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरांवर गेला. माणशी एक डॉलर पुरा झाला. २८ जूनला, बाविसाव्या वर्षी, तो निवर्तला.

त्याच सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली दौड झाली. तीत स्पर्धा नाही, विजेता नाही. गावोगावचे स्वयंसेवक ती पार पाडतात.

आमच्या मंडळाची पन्नास वर्षेही अशाच जिने चढणाऱ्यांनी तोलली आहेत. त्यांची नावे पदाधिकाऱ्यांच्या यादीत नाहीत. सुवर्णमहोत्सवाचा पहिला नमस्कार आम्ही त्यांनाच करतो.