वेळूपासून कार्बनपर्यंत : गळकाठीच्या ब्लँकची गोष्ट

आजची गोष्ट एका पोकळ नळीची आहे.

मी राहतो बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये, म्हणजे होसूर-सर्जापूर रोड लेआउटमध्ये. मूळचा मात्र कुडाळकडचा. लहानपणी बाबांबरोबर मासे गरवायला जायचो. बाबांची काठी माणग्याची. माणगा म्हणजे आमच्या कोकणातला बिनकाट्यांचा, जवळजवळ भरीव बांबू. बेटातून काठी निवडताना बाबा आधी ती वाकवून बघायचे आणि मगच कोयता लावायचे.

गेल्या वर्षी मी ठरवलं की आपणही काठी बनवायची, पण फ्लाय फिशिंगची. त्यासाठी पहिल्यांदा लागतो तो ब्लँक. ब्लँक म्हणजे मूठ, कड्या, रीळ असं काहीही न बसवलेली, टोकाकडे निमुळती होत जाणारी नुसती नळी. मूठ बदलता येते, कड्या उसवून पुन्हा बांधता येतात. ब्लँक चुकला की काठीच चुकली.

माझ्यासमोर दोन होते. दोन्ही कार्बनचे, नऊ फुटी, चार तुकड्यांचे. एक पाच नंबरचा, एक आठ नंबरचा. मला आठ हवा होता, कारण डोक्यात होती कावेरी आणि कावेरीतला महसीर.

आता हे नंबर कसले? साध्या गरीत शिशाचा वजनदार तुकडा दोरीला ओढत नेतो. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा कीटक. त्याला वजनच नसतं. इथे वजन असतं दोरीला, आणि काठी ती दोरी फेकते. म्हणून काठीला दोरीच्या वजनाचा नंबर. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन पाच नंबरला सुमारे ९ ग्रॅम, आठ नंबरला सुमारे साडेतेरा ग्रॅम. फेकताना या वजनाने काठी वाकते आणि सरळ होताना दोरी पुढे सोडते. वाकणं हेच तिचं काम. शेंड्याशीच वाकली तर चपळ, मुठीपर्यंत वाकली तर संथ.

आता थोडं मागे जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. ११२९ च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी पदांमुळे. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. मासे कोणते, कोणत्या माशाला कोणतं खाद्य घालायचं, गळ टाकायचा कसा, हे सगळं त्यात आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं की आधी मासा ओळखा आणि मग साधन निवडा.

दुसरी गोष्ट मला स्वतःला चकित करून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाचा कारागीर होता. बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा. त्याने बांबू उभा चिरला, पट्ट्या तासल्या आणि त्या चिकटवून काठी केली. नंतर हायरम लिओनार्डने हे काम यंत्रावर आणलं. मंडळी, त्या काळच्या काठ्यांचा बांबू कुठला? आपल्याकडचा. कलकत्त्याच्या बंदरातून जायचा म्हणून तिकडे त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा चिनी बांबूने घेतली. त्याचं नाव 'टोंकिन', पण तो येत होता चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून! १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, तेव्हा काचतंतूच्या काठ्यांचं फावलं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे विमानांसाठी मजबूत कार्बनतंतू तयार झाला आणि १९७० च्या दशकात तो गळकाठीत आला. आपल्याकडून बांबू गेला आणि दीडशे वर्षांनी कार्बनची नळी होऊन कुरियरने माझ्या दारात येणार होती.

हे सगळं वाचत असतानाच कावेरीचा इतिहास समोर आला, आणि माझा आठ नंबर डळमळला.

१८७३ मध्ये हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं. तेव्हापासून महसीरसाठी गोरे साहेब दक्षिणेत येत राहिले. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाने काढला. हा कावेरी खोऱ्यातला वशिंडाचा महसीर. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८ मध्ये : 'टॉर रेमादेवी'. आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

कारणं अनेक आहेत. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी. पण एक कारण आपल्या महाराष्ट्रातून गेलेलं आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने पुण्याकडच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन केलं, स्थानिक नावावरून त्याला 'खुद्री' म्हटलं. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली गेली आणि ठिकठिकाणी सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पुढे संशोधकांनी कावेरीकाठच्या गळीबोरे छावणीतल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या. गळाला लागलेल्या माशांची एकूण संख्या वाढलेली दिसत होती, पण त्यात बाहेरून आणलेला महसीर वाढत होता आणि मूळचा वशिंडवाला संपत चालला होता. मासा चांगला होता, पण नदी त्याची नव्हती.

आणि त्या नोंदी ठेवल्या होत्या मासा पकडून परत सोडणाऱ्या गळकऱ्यांनीच. पुढे अभयारण्याच्या हद्दीतली ही गळमासेमारी बंद झाली.

मग मी आठ नंबर कशासाठी घेत होतो? जिथे मी जाऊ शकत नाही त्या नदीसाठी, आणि जो जवळजवळ उरलाच नाही त्या माशासाठी. मित्राची आठ नंबरची काठी मागून आणली. सकाळी मैदानात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून फेकून पाहिली. लांब टाकायला झकास. पण चार वावांवर टाकायला गेलो तर काठी वाकेचना. आमच्या गावच्या वहाळात मासा असतो पावशेराचा, खवळ्यासारखा, आणि अंतर असतं तेवढंच.

मी पाच नंबरचा ब्लँक घेतला. संथ, मुठीपर्यंत वाकणारा. प्रत्येक नळीला एक ताठ बाजू असते. नळी जमिनीवर तिरकी टेकवून वर हलकेच दाब देत फिरवली की ती आपोआप एका जागी येऊन थांबते. त्यावरून ती बाजू कळते आणि कड्या कुठे बांधायच्या ते ठरतं. हे करत बसलो होतो तेव्हा बाबा आले होते बेंगळुरूला. बराच वेळ बघत होते.

"ह्या नळयेन मासो गावतलो?"

मी काही बोललो नाही. चारही तुकडे जोडले आणि काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी शेंडा पंख्यापासून सांभाळला, बेटातला माणगा वाकवून बघायचे तशीच ती वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली.

"बरी वाकता," म्हणाले.

दिवाळीत ती कुडाळला नेणार आहे. वहाळात पाणी किती उरलंय आणि मासा किती, ते आधी बघू. काठी नंतर जोडू. भेटूया पुढच्या भागात.