गायकवाडांची वंशवेल

घडियाळी पोळीत अंबामातेच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत आले. त्या गायकवाडांचे गाव पुणे प्रांतातील दावडी. दमाजीराव सेनापती दाभाड्यांच्या पदरी होते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल त्यांस ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळाला. त्यांच्यामागे पुतणे पिलाजीराव पुढे आले. त्यांनी सोनगडच्या डोंगरी किल्ल्यात ठाणे करून गुजरातेत अंमल बसविला. १७३२ साली डाकोर क्षेत्री जोधपूरच्या अभयसिंहाच्या हस्तकांनी त्यांचा घात केला. १७३४ त पुत्र दुसरे दमाजीराव यांच्या काळात गायकवाडांनी बडोदे घेतले.

१८७५ त मल्हारराव पदच्युत झाले, त्यांची संततीही वारशातून वगळली गेली. तेव्हा खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. हा पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांचा वंशज. दत्तकविधानाने मुलाचे घर बदलते. येथे मात्र जन्माचे घर व दत्तक घर, दोन्ही पिलाजीरावांपाशीच मिळत होती. हेच सयाजीराव महाराज. १९०६ त त्यांनी संस्थानभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले.

आरंभी पुतण्याने आणि पुढे दूरच्या भाऊबंदाने हे घराणे तारले. आपले कुलवृत्तान्त बहुधा थोरल्या पातीशीच थांबतात. खेड्यात राहिलेल्या धाकट्या पातीची नावेही त्यांत अवश्य नोंदवावीत. वंश कोणत्या फांदीवर पुन्हा पालवेल, हे आधी कोणास ठाऊक असते?