मनीची दाढ

मनीनं दुधाखेरीज सगळ्याला तोंड फिरवलं, तेव्हा हिचं निदान ठरलेलं : "लाडावलीय मेली!" डॉक्टरांनी जबडा उघडला आणि आमची तोंडं मिटली. तीस दातांपैकी एक दाढ हिरडीजवळ पोखरलेली. कीड नव्हे म्हणे. मांजराचं शरीरच कधीकधी स्वतःचा दात विरघळवतं. आणि हूं की चूं नाही!

प्राचीन इजिप्तमध्ये घरचं मांजर गेलं की माणसं भुवया भादरत, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलंय. पुढे १८९० साली तिथल्या मांजरांच्या सुमारे १९ टन ममी लिव्हरपूलला उतरल्या, आणि इंग्रजांनी त्यांचं चक्क खत केलं! जिवंतपणी त्यांच्या दाढांची चौकशी कुणी केल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

दाढ काढली. चौथ्या दिवशी मनीनं उकडलेला बांगडा मटकावला. हिनं 'मेली' मागे घेतलं. माझ्या भुवया शाबूत आहेत.