धोकादायक कोण, हे ठरवायचे कसे?

वर्धा-नागपूर रस्त्यावरचे केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे तिथले लोक सांगतात. बकासुराला गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायचा, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. राक्षसाच्या बाबतीत प्रश्न सोपा असतो : तो काल धोकादायक, आज धोकादायक, उद्याही धोकादायकच. माणसाचे तसे नसते. मनोरुग्णाकडे पाहताना नेमके हेच आपण विसरतो.

कायदाही ते विसरला होता. १८५८ च्या कायद्याने ‘वेडामुळे धोकादायक’ वाटणाऱ्याला पकडण्याचे काम दारोगावर सोपवले. मॅजिस्ट्रेट डॉक्टरांचा दाखला घेऊन त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडी. नागपुरात असे इस्पितळ १८६४ साली सुरू झाले. १९१२ च्या कायद्यातही हाच साचा कायम राहिला. पण धोका ओळखायचा कसा? ते ज्याच्या त्याच्या नजरेवर सोडलेले होते.

ही नजर किती चुकते, याचा पडताळा अमेरिकेत योगायोगाने मिळाला. १९६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या ९६७ रुग्णांना कडक बंदोबस्ताच्या इस्पितळांतून साध्या इस्पितळांत हलवावे लागले. डॉक्टरांनी त्यांना धोकादायक मानले होते. पुढच्या सुमारे चार वर्षांत बंदोबस्तात परत धाडावे लागले फक्त २६ जणांना.

मग धोका नसतोच का? काहींच्या बाबतीत असतो. पण तो आजाराच्या नावावरून कळत नाही. १९९५ साली कॅनडात तयार झालेली एचसीआर-२० ही पद्धत वीस बाबी तपासते. दहा भूतकाळाच्या : आधी हिंसा केली होती का, व्यसन आहे का. पाच सध्याच्या मनःस्थितीच्या. पाच पुढच्या परिस्थितीच्या : उपचार चालू राहतील का, आधार कोणाचा. भूतकाळ बदलत नाही. उरलेल्या दहा बाबी मात्र बदलू शकतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, इस्पितळातून घरी गेलेल्या आणि नशा न करणाऱ्या रुग्णांचे हिंसेचे प्रमाण त्यांच्या नशा न करणाऱ्या शेजाऱ्यांइतकेच आढळले.

आपल्याकडे २०१७ च्या कायद्यानुसार पोलिसांनी अशा माणसाला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे. कोठडीत ठेवायचे नाही. दारोगाच्या ‘पकडा’पासून इथवर यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

वर्गात एखादा मुलगा विचारेल, “वेडी माणसं मारतात का हो, सर?” तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याऐवजी आपण त्यालाच विचारू या : कोणता माणूस, कोणत्या परिस्थितीत, आणि त्याच्या सोबतीला कोण आहे?