अक्कलदाढ आणि डोळ्याचे भय

सगळे दात येऊन गेल्यावर, साधारण सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत केव्हातरी, जबड्याच्या अगदी टोकाला जी शेवटची दाढ उगवते तिला आपण अक्कलदाढ म्हणतो. अक्कल हा शब्द मूळचा अरबी. फारसीत हा अकलेचा दात, लॅटिनमध्ये शहाणपणाचा दात. जपानी भाषेत तिच्या नावाचा अर्थ 'आईबापांना ठाऊक नसलेली' असा होतो. नाव काहीही असो, ती आडवी आली म्हणजे माणसाची अक्कल वाढत नाही, झोप मात्र उडते.

अशा वेळी संग्रामपूरच्या बाजारात किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या खेड्यात पारावर विचारून पाहा. कोणीतरी वडीलधारे माणूस सांगेल, "दाढ काढू नोको रे बाबू, डोयाले धोका होईन." मग रोगी लवंग धरतो, मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो, कोणी तर दाढेखाली तंबाखूची चिमूट दाबतो, आणि दिवस ढकलतो. या भयाला आपण अडाणीपणा म्हणून हसतो. पण इतिहासाच्या अभ्यासकाने हसण्याआधी विचारावे की हे भय आले कोठून?

सुश्रुतसंहिता हा आपला शस्त्रवैद्यकाचा प्राचीन ग्रंथ. त्याच्या निदानस्थानात मुखरोगांची यादी आहे. तीत अधिमांस नावाचा एक रोग सांगितला आहे. जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज येते, भयंकर ठणका लागतो आणि तोंडाला लाळ सुटते. अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची झालर राहते, तिच्याखाली अन्न अडकते आणि ती सुजते. आजचा दंतवैद्य ज्याचे निदान रोज करतो, तेच हे चित्र. उपायही सांगितला आहे: वाढलेले मांस कापावे आणि वेखंड, पाठा वगैरे औषधांचे चूर्ण मधातून लावावे.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात एक इशाराही आहे. वरचा पक्का दात मुळासकट उपटला तर रक्त अतिशय जाते, माणूस एका डोळ्याने आंधळा होतो, त्याचे तोंड वाकडे होते. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. पारावरच्या आजोबांचे बोलणे याच्याशी किती जुळते, पाहा! त्या काळी हा इशारा शहाणपणाचाच होता. रक्त थांबवण्याची खात्री नव्हती, वेदना थांबवण्याचे साधन नव्हते, जखम चिघळली तर औषध नव्हते. वरच्या दाढांच्या मज्जातंतूचा आणि डोळ्याभोवतालच्या भागाचा संबंध एकाच मोठ्या मज्जातंतूशी असल्याने दाढेची कळ डोळ्यापर्यंत जाते, हाही अनुभव खराच. पण दृष्टीचा मज्जातंतू अगदी निराळा आहे. नीट काढलेल्या दाढेने डोळा जात नाही.

आता ही भयाची कारणे एकेक करून कशी नाहीशी झाली ते ऐका. पहिली वेदना. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. हसवणाऱ्या वायूच्या एका खेळात एका माणसाच्या पायाला लागले, तरी त्याला ते कळले नाही, हे वेल्सने पाहिले. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबर १८४४ रोजी, त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि सहकाऱ्याकडून आपली वरची दाढ काढून घेतली. अनेक ग्रंथांत ती अक्कलदाढच म्हटली आहे. पुढे बोस्टनला दाखवलेला प्रयोग फसला आणि लोकांनी त्याची हुर्यो केली. पण १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर देऊन बिनवेदनेची शस्त्रक्रिया घडवून दाखवली. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. आज त्याच्या सुईने तेवढाच भाग बधिर होतो आणि रोगी जागाच राहतो.

दुसरे, अंधारात चाचपडणे. हिरडीत दडलेली दाढ आडवी आहे की तिरपी, हे पूर्वी कसे कळणार? १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि हाडातली दाढ दिसू लागली. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाशेजारून ओठाला संवेदना देणारा मज्जातंतू जातो, म्हणून काढण्यापूर्वी ते चित्र पाहणे अगत्याचे असते. तिसरे, जखम चिघळणे. पेनिसिलिन १९२८ साली सापडले, आणि १९५४ साली आपल्याच राज्यात पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली.

राहता राहिला जाणता माणूस. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. १९४८ साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला आणि नोंदणीची शिस्त आली. विदर्भाला नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली मिळाले. बाजारात चिमटा घेऊन बसणाऱ्याकडे जाण्याची सक्ती संपली ती अशी.

तेव्हा कारणे गेली, भय मात्र मागे राहिले. आणि आता धोका आहे तो त्या भयातच. खालच्या दाढेचा पू गळ्याकडे उतरला तर जिभेखाली सूज येते, तोंड उघडत नाही, श्वास अडतो. जर्मनीतील लुडविग या वैद्याने १८३६ साली या जीवघेण्या दुखण्याचे वर्णन केले आहे. ज्या दुखण्यावर इलाज आहे, त्याने माणूस दगावावा हे बरे नव्हे.

म्हणून प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे नाही, बरे का! सरळ आलेली आणि त्रास न देणारी दाढ खुशाल राहू द्यावी. पण हिरडी पुन्हा पुन्हा सुजत असेल, पुढची दाढ किडत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल, तर नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडे जावे. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगावे. काढल्यावर कापूस घट्ट चावून धरावा, सारखे थुंकू नये आणि तंबाखूला शिवू नये. आणि ताप आला, गिळणे कठीण झाले किंवा श्वासाला त्रास वाटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शिक्षकबंधूंनो, तुमच्या वरच्या वर्गातली मुले याच वयाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना सुश्रुताचा इशारा सांगा, आणि वेल्सने स्वतःच्या जबड्यावर केलेला प्रयोगही सांगा. आजोबांना मूर्ख ठरवण्याची गरज नाही. "तुमच्या आजोबांच्या आजोबांच्या काळी ते खरे होते," एवढेच म्हणा. पुढचे मुले घरी जाऊन सांगतील.