गोळीच्या पोटातले वंगण

औषधाची गोळी हाती येताच रोगी तिच्यावरील नाव वाचतो. तिच्या पोटात औषधाखेरीज आणखी काय आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. गुटिका वळताना वैद्य बोटांना तूप लावीत, ते लगदा हाताला चिकटू नये म्हणून. यंत्रालाही अशा तुपाची गरज पडली.

१८४३ साली विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराने भुकटी साच्यात दाबून गोळी घडविण्याचे पेटंट घेतले. त्याचा मूळ हेतू पेन्सिलीसाठी ग्राफाइटची पूड दाबण्याचा होता. ग्राफाइट स्वभावतःच निसरडे. औषधांच्या भुकट्या तशा नव्हेत. त्या साच्याच्या भिंतीला घासतात, दट्ट्याला चिकटतात आणि बाहेर येताना गोळीचा टवका उडतो. म्हणून शंखजिरे, स्टिअरिक आम्ल आणि पुढे सर्वांहून अधिक प्रचारात आलेले मॅग्नेशियम स्टिअरेट ही वंगणे कारखान्यांत शिरली.

शेकडा एक भाग किंवा त्याहूनही कमी मॅग्नेशियम स्टिअरेट बहुधा पुरते. ते सर्वांत शेवटी घालावयाचे आणि थोडाच वेळ मिसळावयाचे. कारण हा पदार्थ पाण्याला दूर लोटणारा आहे. मिश्रण फार वेळ घुसळले, तर प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर बसतो. गोळी ठिसूळ होते आणि पोटात विरघळावयास विलंब लावते. लेव्ही आणि गमटो यांनी १९६३ साली सॅलिसिलिक आम्लाच्या गोळ्यांवर हे दाखवून दिले. यंत्राच्या सोयीसाठी घातलेली वस्तू अशी रोग्याच्या गैरसोयीची ठरू शकते!

स्वतंत्र भारताचा पहिला औषधकोश १९५५ साली निघाला. दिल्लीशेजारच्या गाझियाबादेतील भारतीय औषधकोश आयोग आज त्याच्या आवृत्त्या सिद्ध करतो, आणि औषधांबरोबर अशा साहाय्यक द्रव्यांच्या शुद्धतेच्या कसोट्याही तीत असतात.

परंतु शुद्धतेच्या कसोटीने एक प्रश्न सुटत नाही. स्टिअरिक आम्ल पाम तेलापासून होते, तसेच गुरांच्या चरबीपासूनही; कॅपसुलाचे जिलेटिन तर प्राण्यांच्या हाडांचे व कातड्याचे. पांढऱ्या भुकटीकडे पाहून तिचे कूळ ग्राहकाला कळावे कसे? ज्या देशात अन्नाचा विचार श्रद्धेशी इतका निगडित आहे, तेथे ही शंका क्षुल्लक म्हणता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयापुढे हा विषय आला. २००२ साली न्यायालयाने सौंदर्यप्रसाधनांवर आणि जीवरक्षक नसलेल्या औषधांवर प्राणिज घटकांची खूण असावी, असा निर्देश दिला. जीवरक्षक औषधे त्यातून वगळली. मृत्यूच्या दारी असलेल्या रोग्याने खूण पाहून औषध नाकारू नये, ही त्यामागची काळजी समजण्याजोगी आहे. पुढे अपिलात, २०१३ साली, सर्वोच्च न्यायालयाने हा निर्देश रद्द केला. असा नियम घडविणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असा त्याचा आशय होता.